दप्तराचं फोल्डर उघडत नाही तेव्हा

आज आम्ही बोलणार आहोत प्रभागसंघाच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरबद्दल. लगेच रेडिओ बारीक करू नका. "आम्हाला कुठं कॉम्प्युटर येतो, ते लेखापाल ताईचं काम," असं तुम्ही म्हणाल. काम तिचं आहे हे खरं, पण दप्तर तुमचं आहे. तुमच्या गटाचं कर्ज किती, हप्ते किती फिटले, आधारकार्डाची झेरॉक्स, बँकेत पाठवायचा ठराव, हे सगळं आता कपाटातल्या रजिस्टरबरोबर कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्येही असतं. ते फोल्डर उघडलं नाही तर तुमचं प्रकरण अडतं. आणि नको त्या माणसाला ते उघडलं, तर काय होतं तेही पुढं सांगणार आहोत.

आमच्या कार्यालयात तीन कॉम्प्युटर आहेत. एक लेखापाल ताईचा, एक डाटा भरणाऱ्या ताईचा आणि एक दाराजवळ, जिथं सीआरपी ताया येऊन आपापले अहवाल भरतात. हिशोबाचं फोल्डर मात्र एकाच कॉम्प्युटरमध्ये आहे, लेखापाल ताईच्या. बाकीचे दोघे तिथं जाऊन ते वाचतात, लिहितात. याला शेअरिंग म्हणतात. ज्याच्या पोटात फोल्डर आहे त्याला आपण यजमान म्हणू. तिघांच्या वायरी एका छोट्या खोक्याला जोडलेल्या असतात. त्याला राउटर म्हणतात, आमच्याकडं सगळ्या जणी खोकंच म्हणतात.

पुष्कळ जणींचा समज असा की हे फोल्डर "नेटवर" असतं. तसं नाही. इंटरनेट बंद पडलं तरी आतल्या आत एकीचं फोल्डर दुसरीला दिसतं, कारण वाट घरातल्या घरात आहे. अट एकच, खोकं चालू पाहिजे. म्हणून लाइट गेल्यावर कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहिला आणि खोकं मात्र भिंतीच्या साध्या प्लगला असलं, तर तिघं एकमेकांना पारखे होतात. खोक्याला वीज फार लागत नाही. ते यूपीएसला जोडून टाका. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतील, असा आमचा अनुभव आहे.

आता मागच्या मार्च अखेरची गोष्ट. सोमवारी सकाळी दोन्ही कॉम्प्युटरवरून हिशोबाचं फोल्डर उघडेना. अकरा गटांची बँक कर्जाची प्रकरणं त्यात होती आणि बँकेनं बुधवारपर्यंत मागितली होती. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो फोनवरच म्हणाला, "विंडोज नव्यानं भरावी लागेल, तिन्ही मशिनी घेऊन या." एका मशिनीचे सातशे रुपये आणि वर दोन दिवस. आमच्या अध्यक्षा ताई म्हणाल्या, "अगोदर आपण तर बघू. म्हशीनं दूध दिलं नाही म्हणून कुणी म्हैस बदलत नाही, वैरण काय खाल्ली ते बघतं."

आम्ही बघायला बसलो. पहिल्यांदा पडद्यावर काय लिहून येतं ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. इंग्रजी आहे म्हणून ते बंद करायची आपल्याला घाई असते. पण अर्धं उत्तर त्यातच असतं. "नेटवर्क पाथ नॉट फाउंड" असं आलं, तर वाटच सापडत नाही. "अ‍ॅक्सेस डिनाइड" असं आलं, तर वाट सापडली, आपण दारापर्यंत पोचलो, पण आत जायची परवानगी नाही. आणि "युजरनेम किंवा पासवर्ड इनकरेक्ट" असं आलं, तर दारावरच्या माणसानं आपल्याला ओळखलं नाही. वाट बंद असताना पासवर्ड बदलत बसलं, किंवा परवानगी नसताना वायर बदलत बसलं, की दिवस फुकट जातो. आमच्या वहीत उतरलं होतं "नेटवर्क पाथ नॉट फाउंड". म्हणजे वाट शोधायची.

वाटेत अडथळे कोणकोणते असतात? यजमान कॉम्प्युटर झोपलेला असतो, हा सगळ्यात साधा. लेखापाल ताई बँकेत गेली, तिचा कॉम्प्युटर अर्ध्या तासानं आपोआप निजला की बाकीच्यांना फोल्डर मिळत नाही. सेटिंगमध्ये पॉवर म्हणून जागा आहे, तिथं स्लीप "नेव्हर" करून ठेवायचं. पडदा काळा झाला तर चालतो, मशीन जागी पाहिजे. मग वायर बघायची. खोक्यात जिथं वायर जाते तिथं बारीक दिवा लुकलुकतो. दिवा नसेल तर वायर ढिली आहे, नाहीतर उंदरानं कुरतडली आहे. वायरीच्या टोकाला प्लॅस्टिकची छोटी जीभ असते, ती मोडली की वायर बसल्यासारखी दिसते पण बसलेली नसते. झाडताना केरसुणी लागली की निसटते.

आमच्या दिव्यांत काही दोष नव्हता. यजमान कॉम्प्युटरवर इंटरनेटही चालत होतं, म्हणजे त्याची वायर धड होती. मग तिन्ही कॉम्प्युटर एकाच घरात आहेत का ते पाहिलं. हे कसं बघतात? स्टार्टवर जाऊन सी, एम, डी ही तीन अक्षरं लिहायची. काळी खिडकी उघडते. त्यात आयपीकॉन्फिग असं इंग्रजीत सलग लिहून एंटर मारायचं. आयपीव्ही४ या शब्दापुढं आकड्यांचा पत्ता येतो, चार तुकड्यांचा, मध्ये टिंबं. छोट्या कार्यालयात तो बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. तिघांचे पहिले तीन तुकडे सारखे पाहिजेत, शेवटचा तेवढा वेगवेगळा. जणू गाव एक, वाडी एक, घर नंबर निराळा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर समजा की खोक्यानं त्या कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही आणि त्यानं स्वतःच काहीतरी धरलाय. खोकं बंद करून मिनिटभरानं चालू करा, वायर पुन्हा नीट बसवा.

इथं एक गंमत सांगतो, कारण ही फार ठिकाणी होते. नेट हळू चालायला लागलं की कुणीतरी आपल्या मोबाईलचं हॉटस्पॉट कॉम्प्युटरला जोडतं. त्या क्षणी तो कॉम्प्युटर त्या मोबाईलच्या घरी राहायला जातो. टेबल तेच, खुर्ची तीच, पण घर बदललं. मग शेजारच्या टेबलावरचं फोल्डर दिसत नाही, आणि बाई म्हणते, "आत्ता तर चालू होतं!" वायफायच्या खुणेवर नाव कुणाचं आहे ते एकदा वाचा.

तर आमचे तिन्ही पत्ते एकाच घरचे निघाले. पण एक बदल दिसला. जुन्या वहीत पत्ता १९२.१६८.१ असा लिहिलेला होता, आता तो १९२.१६८.० असा झाला होता. तेव्हा डाटा भरणाऱ्या ताईला आठवलं की शनिवारी दुपारी नेटवाल्याचा माणूस येऊन जुनं खोकं काढून नवं बसवून गेला होता. फोल्डर शुक्रवारपर्यंत चालत होतं, खोकं शनिवारी बदललं आणि सोमवारी फोल्डर बंद. काय बदललं हे एकदा कळलं की शोध आवरता येतो.

नवं खोकं बसलं की विंडोजला वाटतं, आपण परक्या ठिकाणी आलो. आपण एसटी स्टँडवर कशा बसतो? पिशवी मांडीवर, पर्स पदराखाली, अनोळखी माणसानं काही विचारलं तर उत्तर नाही. घरी आलो की तीच पर्स फळीवर ठेवतो. विंडोजचंही तसंच आहे. ओळखीच्या नेटवर्कला ती "प्रायव्हेट" म्हणते आणि अनोळखीला "पब्लिक". पब्लिक म्हटलं की ती स्टँडवरच्या बाईसारखी वागते, हाक मारली तरी ओ देत नाही. आमच्या यजमान कॉम्प्युटरनं नव्या खोक्याला पब्लिक धरलं होतं. म्हणून त्याच्यावर नेट चालत होतं पण शेजारणींना तो उत्तर देत नव्हता. यजमानावर सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट इथं जाऊन, आपलं जोडलेलं नेटवर्क उघडून ते प्रायव्हेट केलं. मग प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन बटणं चालू आहेत ना, ते बघितलं. नावात घोटाळा आहे तेवढा लक्षात ठेवा. "पब्लिक" म्हणजे सगळ्यांसाठी खुलं, असं वाटतं. इथं उलट आहे. आपल्या कार्यालयाला प्रायव्हेट आणि सायबर कॅफे, लॉज, स्टँड इथल्या वायफायला पब्लिक.

दाराजवळच्या कॉम्प्युटरवर फोल्डर लगेच उघडलं. डाटावाल्या ताईच्या कॉम्प्युटरवर मात्र नाही! तिथं आणखी एक गाठ होती. पूर्वी कधीतरी एका दुरुस्तीवाल्यानं तिच्या पडद्यावर फोल्डरचा जो शॉर्टकट करून दिला होता, तो आकड्यांच्या पत्त्याचा होता. खोकं बदललं, पत्ते बदलले, आणि शॉर्टकट जुन्याच घराचं दार वाजवत बसला. आम्ही तो काढून कॉम्प्युटरच्या नावानं नवा केला. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायचं, छोटी चौकट येते, तिथं दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन यजमान कॉम्प्युटरचं नाव लिहायचं. पत्ते बदलतात, पण नाव आपण बदलेपर्यंत तेच राहतं. नावानं उघडलं नाही आणि आकड्यानं उघडलं, तर दोष नाव ओळखण्यात आहे, एवढंही त्यातून कळतं. दुपारी दोनपर्यंत प्रकरणांचे प्रिंट निघायला लागले. विंडोज कुणी भरली नाही.

आता आम्हाला खरं जे सांगायचंय त्याकडं येतो. फोल्डर उघडत नसलं की पुष्कळ दुरुस्तीवाले एक झटपट उपाय करतात. फायरवॉल बंद करतात, पासवर्डची अट काढून टाकतात आणि परवानगीच्या जागी "एव्हरीवन, फुल कंट्रोल" असं करून मोकळे होतात. म्हणजे त्या खोक्याला जोडलेला जो कुणी असेल त्याला सगळं वाचता येईल, बदलता येईल, पुसता येईल. फोल्डर फटकन उघडतं, आपण खूश होतो, चहा पाजून पैसे देतो. घराचं कुलूप अडकतंय म्हणून त्यानं कडीच उचकटून टाकलेली असते.

एका कार्यालयात असंच केलेलं होतं. गावाचं नाव घेत नाही. तिथल्या एका बाईनं गटातून पंधरा हजार रुपये उचलले होते, मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. घरच्यांना सांगितलं नव्हतं, तिला तिचं कारण होतं. दोन हप्ते थकले होते. दाराजवळच्या कॉम्प्युटरवर कुणाचा तरी भाऊ रेल्वेचा फॉर्म भरायला बसला, फोल्डर उघडंच होतं, थकबाकीची यादी त्यानं वाचली. गटाच्या बैठकीत विषय यायच्या आधी तो तिच्या सासरच्या ओसरीवर पोचला. पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही, तुम्हाला ठाऊक आहे. गटात आपण एकमेकींचं कर्ज एकमेकींसमोर बोलतो, कारण तिथं सगळ्या सारख्या असतो. तेच कर्ज परक्याच्या तोंडी गेलं की त्याची बदनामी होते.

आणि चोरीच व्हावी लागते असं नाही. हे नीट ऐका. आपल्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसली तर ती रिसायकल बिनमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या टोपलीत जाते, तिथून काढता येते. पण शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पुसली तर ती टोपलीत जात नाही, एकदम जाते. पुसायचा अधिकार सगळ्यांना दिला की एखाद्या लेकराचं बोट लागलं तरी वर्षाचा हिशोब जाऊ शकतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायली कुलूपबंद करून तो पैसे मागायचा. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर तो गेला याच शेअरिंगच्या वाटेनं, तिच्या एका जुन्या पद्धतीतल्या भोकातून. ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं, ज्यांनी घेतलं नव्हतं ते सापडले. त्या जुन्या पद्धतीचं नाव एसएमबी वन. पुढं विंडोज १० मध्ये ती आपोआप येईनाशी झाली. जुना कॉम्प्युटर किंवा जुना स्कॅनर जोडायचा म्हणून कुणी "एसएमबी वन चालू करतो" म्हणालं, तर त्याला हात जोडून नको म्हणा.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं पुष्कळ कार्यालयांत नव्या मशिनी येतायत. नव्या विंडोज ११ प्रो वरून पासवर्ड नसलेल्या फोल्डरमध्ये पाहुण्यासारखं शिरता येत नाही, ती स्वतःच अडवते. "नवा कॉम्प्युटर आणला आणि फोल्डर बंद पडलं" ही तक्रार त्यातलीच. दोष नव्या मशिनीचा नाही. पासवर्ड लावायचा, एवढंच.

तो कसा लावायचा? यजमान कॉम्प्युटरवर प्रत्येकीच्या नावाचं खातं काढायचं आणि प्रत्येकीला वेगळा पासवर्ड द्यायचा. पासवर्ड कोरा ठेवलात तर विंडोज त्या खात्याला बाहेरून आत घेत नाही. रोज कॉम्प्युटर उघडायला आपण जो चार आकडी पिन टाकतो तोही इथं चालत नाही, पासवर्डच लागतो. पुष्कळ जणी पिन टाकून टाकून थकतात. नाव लिहिताना आधी यजमान कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग आपल्या खात्याचं नाव. आणि यजमानावर पासवर्ड बदलला की बाकीचे कॉम्प्युटर जुनाच लक्षात धरून बसतात. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर आहे, तिथला जुना काढून टाकायचा.

परवानगीची दारं दोन असतात, हे आणखी एक. फोल्डरवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडलं की एक पान शेअरिंगचं आणि एक सिक्युरिटीचं दिसतं. ओसरीचं दार आणि माजघराचं दार समजा. ओसरी उघडी आणि माजघर बंद असेल तर बाई ओसरीतच थांबणार. दोन्हींत जे कडक असेल ते चालतं. "मी परवानगी दिली तरी उघडत नाही" असं कुणी म्हणालं की दुसरं पान उघडून बघा.

आमच्या फोल्डरचे आम्ही तीन भाग केले. कोरे अर्ज आणि नमुने सगळ्यांना वाचायला. रोजच्या नोंदी लेखापाल ताई आणि डाटावाल्या ताईला लिहायला. सभासदांची आधारकार्डं, पासबुकं आणि थकबाकीची यादी लेखापाल आणि व्यवस्थापक या दोघींनाच. दाराजवळच्या कॉम्प्युटरला फक्त पहिला भाग.

हे ठरवताना कार्यकारिणीत चांगली खडाजंगी झाली. एक ताई म्हणाल्या, "दप्तर आमचं, आणि आम्हालाच बंद?" दुसऱ्या म्हणाल्या, "लेखापाल बाळंतपणाला गेली तर पासवर्ड कुणाकडं मागायचा?" दोन्ही प्रश्न बरोबर होते. मग जुनी रीत आठवली. गटाची पेटी एकीकडं आणि किल्ली दुसरीकडं, हे आपण गट काढला तेव्हापासून करतो. तसंच केलं. यजमान कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला, पाकीट बंद करून जोडावर अध्यक्षा आणि सचिव यांच्या सह्या घेतल्या. पाकीट कपाटात, कपाटाची किल्ली कोषाध्यक्षांकडं. पाकीट फोडलं तर इतिवृत्तात लिहायचं, आणि नवा पासवर्ड करून नवं पाकीट. सभासदाला आपल्या गटाचा हिशोब हवा असेल तर लेखापाल ताईनं त्याच दिवशी प्रिंट काढून द्यायचा, असाही ठराव झाला.

थोडं राहिलंय. एक्सेलची फाइल उघडताना "लॉक्ड फॉर एडिटिंग" असं आलं तर तो बिघाड नाही. दुसरी ताई त्याच फाइलमध्ये लिहितेय, तिचं झालं की आपण. उतावीळपणानं त्याची दुसरी प्रत करून "हिशोब नवा", मग "हिशोब नवा दोन" असं करू नका. बाराशेचा हप्ता एकीत जमा दिसतो, दुसरीत नाही, आणि वसुलीला गेलेली सीआरपी ताई विनाकारण शिव्या खाते. शेअर केलेलं फोल्डर म्हणजे जादा प्रत नव्हे, हेही ध्यानात असू द्या. तीन पडद्यांवर दिसतं म्हणून तीन ठिकाणी असतं असं नाही, डिस्क एकच आहे. आमच्याकडं दर शुक्रवारी बाहेरच्या हार्डडिस्कवर नक्कल घेतात आणि ती काढून कपाटात ठेवतात. काढून, बरं का. कायम लावून ठेवली तर व्हायरस आला की तोही तिलाच आधी खातो.

आणि खोक्याशेजारी खिळ्याला एक वही टांगली आहे. कधी काय बदललं, कुणी बदललं, पडद्यावर काय अक्षरं आली, तारखेसकट. दुरुस्तीवाला आला तरी त्यानं काय केलं ते त्याच्याकडून त्यात लिहून घेतो आणि मगच पैसे देतो. तुमच्या कार्यालयात अशी वही असेल तर पुढच्या मासिक बैठकीत ती मागून बघा. दाराजवळच्या कॉम्प्युटरवर बसा आणि लेखापाल ताईला म्हणा, "इथून माझ्या गटाची थकबाकी उघडून दाखव बरं." उघडली, तर कुलूप आजच लावायला सांगा.